कोडविना संकेतस्थळ-बांधणी (ग्रामीण विदर्भ)

कोडची एकही ओळ न लिहिता, पडद्यावर मजकूर, चित्रे आणि रंग हाताने मांडून संकेतस्थळ उभे करता येते अशा सॉफ्टवेअरला रोजच्या बोलण्यात ‘नो-कोड’ किंवा ‘वेबसाइट बिल्डर’ म्हणतात. डिझायनर जे मांडतो त्याचे एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचा सांगाडा आणि त्याचे रूप सांगणारा कोड) हे सॉफ्टवेअर स्वतः लिहिते आणि बहुधा आपल्याच सर्व्हरवरून ते जगाला दाखवते. विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, फ्रेमर आणि गुगल साइट्स ही त्यांतली परिचित नावे. वर्डप्रेस (२००३) मुळात मजकूर-व्यवस्थापनाचे साधन. पण एलिमेंटॉरसारखी जोडणी, म्हणजे प्लगइन (२०१६), आणि २०१८च्या डिसेंबरात आलेला ब्लॉक संपादक यांमुळे तेही आता याच रांगेत बसते.

ग्रामीण विदर्भात ही साधने ज्यांच्या हाती पडतात त्यांतले बरेच जण संगणकशास्त्र शिकलेले नसतात. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुके आणि प्रचारपत्रके करून देणारी दुकाने असतात. तिथे कोरलड्रॉ या छपाईची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माणसाला ‘कोरल ऑपरेटर’ म्हणतात. लग्नसराईत पहाटेपर्यंत जागणाऱ्या या माणसाची नजर तयार असते. अक्षर कुठे मोठे करायचे, फोटोला मोकळी जागा किती द्यायची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग एखादा गिऱ्हाईक म्हणतो, ‘भाऊ, पत्रिका तर झाली, आता वेबसाइटही करून दे.’ तिथून या सॉफ्टवेअरशी त्याची गाठ पडते. ही नोंद प्रामुख्याने त्याच्या कामाच्या अंगाने लिहिली आहे.

पूर्वपीठिका. ‘पडद्यावर दिसेल तेच पान मिळेल’ ही कल्पना जुनी आहे. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९५मध्ये फ्रंटपेज आणले आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. १९९७मध्ये मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर आले. त्यात एका बाजूला मांडणी आणि दुसऱ्या बाजूला तिचा कोड दिसे. विक्स २००६मध्ये सुरू झाले. त्याची पाने आधी फ्लॅश या जुन्या तंत्रावर चालत. २०१२मध्ये त्याने एचटीएमएल ५ स्वीकारले. वेबफ्लो २०१३मध्ये आले आणि त्याने डिझायनरला सीएसएसची बहुतेक सारी ताकद बटणे आणि रकान्यांच्या रूपात दिली. मधल्या काळात, मे २०१०मध्ये, ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची कल्पना मांडली होती: एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेईल. आज कोडविना चालणारी बहुतेक साधने याच कल्पनेवर उभी आहेत.

कागद आणि पान यांतला फरक. कोरल ऑपरेटर अडतो तो इथेच, म्हणून हे सविस्तर सांगणे भाग आहे. फ्लेक्स दहा बाय पाचचा असला तर तो छापल्यावरही दहा बाय पाचचाच राहतो. कोपऱ्यात ठेवलेला नेत्याचा फोटो कोपऱ्यातच राहतो. संकेतस्थळाच्या पानाला असे पक्के माप नसते. तेच पान कोणी ग्रामपंचायतीच्या संगणकावर पाहील, कोणी वावरात उभ्याने फोनवर पाहील.

म्हणून इथे वस्तू ‘ठेवत’ नाहीत, पेटीत पेटी घालतात. बाहेरची पेटी म्हणजे विभाग, तिच्या आत ओळ किंवा रकाना, त्याच्या आत मथळा, चित्र, बटण. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे लवकर समजते. धुऱ्यांनी (मातीच्या बांधांनी) आखलेल्या बांधीत पाणी भरते आणि जास्त झाले की खालच्या बांधीत उतरते. पानावरचा मजकूरही असाच पेटीत भरतो आणि वाढला की खालच्या सगळ्या गोष्टींना खाली सरकवतो. डिझायनरच्या हाती धुरे असतात: आतली मोकळी जागा (पॅडिंग), बाहेरची मोकळी जागा (मार्जिन), पेट्या आडव्या की उभ्या, त्यांतले अंतर किती. पाणी कुठे जाईल हे त्या धुऱ्यांवरून ठरते.

काही साधनांत वस्तू पडद्यावर कुठेही नेऊन सोडता येते. नवख्या माणसाला ते सोयीचे वाटते, कारण ते कोरलसारखे आहे. पुढे फोनवर तेच पान उघडले की मथळा फोटोवर चढतो, बटण दिसेनासे होते. त्यामुळे शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात मुक्त ठेवण (अ‍ॅब्सोल्यूट पोझिशन) टाळून फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या पेट्या ओळीत किंवा जाळीत लावण्याच्या रीती समजून घ्याव्यात, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. कोड लिहावा लागत नाही हे खरे, पण कोडमागचा विचार करावाच लागतो. तो चुकला की सॉफ्टवेअर तो दुरुस्त करून देत नाही.

वेबफ्लोसारख्या साधनात मांडणी मोठ्या पडद्यापासून सुरू होते आणि ९९१, ७६७ व ४७८ पिक्सेल या टप्प्यांवर खाली उतरत जाते. वर केलेला बदल खालच्या टप्प्यांना लागू होतो, खालचा बदल वर जात नाही. इकडे बहुतेक पाहणारे फोनवरच असतात. म्हणून मोठ्या पडद्यावरची सजावट पुरी करून शेवटी फोन पाहण्याची सवय महागात पडते. प्रत्येक विभाग झाला की तो लगेच ४७८च्या खाली तपासावा आणि एकदा तरी खऱ्या, साध्या फोनवर उघडून पाहावा.

देवनागरीची काळजी. या साधनांचे नमुने, म्हणजे टेम्पलेट, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यात मराठी मजकूर भरला की चार गोष्टी हमखास बिघडतात. नमुन्यात ओळींतले अंतर कमी असते, त्यामुळे ‘र्की’, ‘ट्रू’, ‘ऐं’ अशी अक्षरे वरच्या-खालच्या ओळीला चिकटतात किंवा कापली जातात. मुख्य मजकुरासाठी अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवले की ओळी श्वास घेतात. दुसरी गोष्ट अक्षरांतल्या अंतराची. इंग्रजी मथळ्यात अक्षरे लांब लांब ठेवणे शोभते. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हे अंतर शून्यच ठेवावे. तिसरी, दोन्ही कडा जुळवून लावलेला मजकूर. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब मराठी शब्दांमुळे ओळीत भोके पडतात, म्हणून डावीकडून मजकूर लावणे बरे.

चौथी गोष्ट या भागातल्या दुकानांत सर्वांत जास्त त्रास देते. डीटीपीचा जुना मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेत-पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो उचलून संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्यावर उपाय म्हणून अनेक जण कोरलमधले अख्खे पत्रकच जेपीजी करून पानावर टाकतात. दिसायला ते ठीक असते. पण चित्रातला मजकूर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचक-प्रणालीला तो मुका असतो, फोन नंबर दाबून फोन लागत नाही आणि लहान पडद्यावर बारीक अक्षरे मोठी करून वाचावी लागतात. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, ‘र’ची जोडाक्षरे आणि पहिल्या वेलांट्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात आणि मगच पानावर ठेवावा. वेळ लागतो. पण तो वाचवण्यासारखा नाही.

फाँटची आता ददात राहिलेली नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बलू, तसेच नोटो आणि पॉपिन्स हे देवनागरीसह गुगल फाँट्सवर मोफत आहेत. पानाची भाषा सेटिंगमध्ये ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवावी. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात मग मराठी वळणाचे ल आणि श उमटतात. बहुतेक जण ही सेटिंग उघडतही नाहीत, आणि मराठी संकेतस्थळ आपण इंग्रजीचे आहे असे ब्राउझरला सांगत बसते.

कलेक्शन: एक नमुना. एकदा साचा करून त्यात नोंदी भरत जाणे हे या सॉफ्टवेअरचे सर्वांत उपयोगी अंग. ते झाडीपट्टी रंगभूमीच्या उदाहरणाने समजेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत धान कापणीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाटक मंडळांचे केंद्र. मंडळाचे रोज नवे गाव, रोज नवी तारीख. प्रत्येक प्रयोगासाठी वेगळे पान करायला गेले तर डिझायनर हंगामभर तेच करीत बसेल. त्याऐवजी ‘प्रयोग’ नावाचे एक कलेक्शन करायचे. त्यात नाटकाचे नाव, गाव, तालुका, तारीख, वेळ आणि पोस्टर असे रकाने. पान एकदाच मांडायचे आणि त्यातल्या प्रत्येक पेटीला रकाना जोडायचा. पुढे मंडळाचा व्यवस्थापक फोनवरून एक नोंद भरतो आणि यादी तारखेप्रमाणे आपोआप लागते. गेलेली तारीख गाळून टाकण्याची अट एकदा घातली की जुने प्रयोग दिसेनासे होतात.

संत्रा उत्पादकांच्या गटालाही हीच रीत लागू पडते. नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वरूड-मोर्शी पट्ट्यातला गट थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकू पाहतो, तेव्हा आंबिया बहाराचा माल कधी आणि मृग बहाराचा कधी, आज काय शिल्लक आहे, हे पानावर बदलत राहिले पाहिजे. वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. मागणीसाठी नमुन्यातला ई-मेलचा अर्ज ठेवू नये. तो ई-मेल कोणी उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची जोडणी आणि दाबताच फोन लागेल असा नंबर, ही दोन बटणे पानाच्या माथ्याशी हवीत.

वजन आणि नेटवर्क. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे, किंवा गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे नेटवर्क अजून भरवशाचे नाही. कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. फोटो बाराशे पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवला तर तो बहुधा दोन-तीनशे केबीत बसतो. सरकत्या चित्रांच्या पट्ट्या, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि खाली जाताना उडत येणारे मथळे ही साधने फुकट देतात, म्हणून ती वापरली जातात. ताडोबाजवळच्या होमस्टेच्या पानावर खोलीचे दोन स्वच्छ फोटो, भाडे, रस्ता आणि फोन नंबर एवढे तीन सेकंदांत दिसले तर ते पान कामाचे.

मालकी. संकेतस्थळ कोणाचे, हा प्रश्न करार होण्याआधी सोडवावा लागतो. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: डोमेन, म्हणजे पत्ता, सॉफ्टवेअरची वर्गणी, आणि आतला मजकूर. दुकानदार बहुधा तिन्ही स्वतःच्या ई-मेलवर घेतो, कारण गिऱ्हाइकाचा ई-मेल मोबाइल दुकानात कोणीतरी काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दोन वर्षांनी ऑपरेटर पुण्याला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहते आणि एके दिवशी बचत गटाचे संकेतस्थळ बंद पडते. फ्लेक्सवर, पिशव्यांवर, गाडीच्या मागे छापलेला पत्ता मात्र तसाच राहतो. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावे आणि त्याच्याच ई-मेलवर घ्यावे. डिझायनरने फक्त काम करण्यापुरता प्रवेश ठेवावा.

बाहेर पडण्याची वाटही आधी पाहून ठेवावी. वर्डप्रेस मुक्त सॉफ्टवेअर असल्याने त्यावरचे सगळे उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते, मात्र सुरक्षेची आणि अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी अंगावर येते. वेबफ्लोतून सशुल्क योजनेत कोड बाहेर काढता येतो, पण कलेक्शन आणि अर्ज त्याच्यासोबत चालत नाहीत. विक्सवरचे संकेतस्थळ दुसरीकडे चालवता येत नाही. मोठ्या कंपनीचे साधन टिकेलच असेही धरू नये. अ‍ॅडोबीचे म्यूज हे खास कोड न लिहिणाऱ्या डिझायनरांसाठी केलेले साधन होते. ते थांबवण्याची घोषणा मार्च २०१८मध्ये झाली आणि दोन वर्षांनी त्याचा आधार संपला. छोट्या दुकानांना गुगलने व्यवसाय-नोंदणीसोबत दिलेली मोफत पाने मार्च २०२४मध्ये बंद झाली.

काम सोपवताना काही ऑपरेटर गिऱ्हाइकाला एक दोनशे पानी वही देतात. पहिल्या पानावर डोमेन कुठून घेतले, मुदत कधी संपते आणि वर्गणी किती, हे मराठीत लिहिलेले असते. पुढच्या पानांवर मजकूर जसाच्या तसा, आणि मागच्या कव्हरला चिकटवलेल्या पाकिटात मूळ फोटोंचा पेन ड्राइव्ह.