छातीवरच्या चंद्रकोरीवर जाऊ नका

काळं अंग आणि छातीवर फिकट खूण. एवढ्यावरून हिमालयातलं काळं अस्वल आणि मेळघाट-ताडोब्यातलं आपलं अस्वल एकच समजणारे पुष्कळ भेटतात. पुस्तकात फरक सोपा वाटतो: हिमालयातल्याची खूण पिवळसर चंद्रकोरीसारखी, आपल्याकडच्याची पांढुरकी, इंग्रजी यू किंवा वाय अक्षरासारखी. प्रत्यक्षात दोन्हींत नाना तऱ्हा दिसतात, आणि अस्वल चार पायांवर असलं तर छाती दिसतेच कुठे? त्यापेक्षा तोंड आणि नखं बघावीत.

आपलं अस्वल नखशिखांत वाळवीसाठी घडलेलं आहे. वारूळ फोडायला तीन-चार इंची फिकट नखं. वरच्या जबड्यात समोरचे मधले दोन दात नाहीतच. वारूळ उकरलं की ते फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटतं आणि ओठांचा चंबू करून दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. त्याचा आवाज लांबवर ऐकू येतो. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ही नखं आणि हे दात पाहून त्याला चक्क दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला लटकून राहणाऱ्या सुस्त ‘स्लॉथ’ प्राण्याच्या वंशात टाकलं. चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव राहिलं. वाघासमोरही उभं ठाकणाऱ्या जनावराला हे नाव शोभत नाही, असं मला तरी वाटतं.

हिमालयातलं अस्वल झाडावरचं. त्याची नखं आखूड, वाकडी आणि गडद, चढायला सोयीची. अंगावरचे केस आपल्या अस्वलासारखे झिपरे नसतात, चापून बसलेले असतात. मानेच्या दोन्ही बाजूंना मात्र दाट झुलपं असतात, त्यामुळे मान फार जाड दिसते. कान मोठे, गोल, एकमेकांपासून लांब. साधारण १,२०० ते ३,३०० मीटर उंचीवरच्या जंगलात शरद ऋतूत ते ओकची फळं आणि अक्रोड खाऊन चरबी साठवतं. झाडावर बसून फांद्या ओढायच्या, मोडायच्या, फळं खायची आणि उरलेल्या फांद्या बुडाखाली सारायच्या. अस्वल निघून गेलं तरी झाडावर घरट्यासारखा ढीग मागे राहतो. थंडीत बरीचशी अस्वलं ढोलीत किंवा गुहेत झोपतात. आपल्या अस्वलाला ही गरज नाही, वाळवी बारा महिने मिळते.

आपली अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. अंगावरचे लांब केस पिल्लांना धरायला कामी येतात. हिमालयातली पिल्लं धोका दिसला की झाड गाठतात.

दोन्ही जाती धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत. जंगल तुटणं दोघांच्याही मुळावर आलंय. हिमालयातल्या जातीला पित्ताच्या व्यापाराचं जास्तीचं संकट आहे. चीन आणि व्हिएतनाममध्ये पित्तासाठी ही अस्वलं पिंजऱ्यात कोंडून ठेवली गेली. त्यातलं औषधी द्रव्य कारखान्यात बनू लागून कित्येक दशकं झाली, तरी मागणी संपलेली नाही.

आसामातल्या पायथ्याच्या जंगलांत दोन्ही अस्वलं भेटू शकतात. तिथे ओल्या मातीतला ठसा बघावा. बोटं जवळजवळ एका रेषेत आणि नखांच्या खुणा त्यांच्यापासून बऱ्याच पुढे उमटल्या असतील, तर ते वाळवीवालं.