हुंडी लंडनवर, मोजणी अ‍ॅडलेडात

दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत सुचली ती तुरुंगात. एडवर्ड गिबन वेकफिल्ड नावाचा गृहस्थ एका श्रीमंत घरच्या शाळकरी मुलीला फसवून पळवून नेल्याबद्दल लंडनच्या न्यूगेट तुरुंगात शिक्षा भोगत होता. वेळ भरपूर होता, तेव्हा त्याने वसाहतींचं अर्थशास्त्र मांडायला घेतलं. त्याचं म्हणणं असं : नव्या मुलखात जमीन फुकट वाटली की आज आलेला मजूर उद्या स्वतःच मालक होतो आणि मग कामाला माणूस मिळत नाही. १८२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वान नदीकाठी वसाहत झाली, तिथे नेमकं हेच झालं. म्हणून जमीन विकायची, तीही ‘पुरेशा’ किमतीला, म्हणजे मजुराला ती घेण्यासाठी काही वर्षं राबावंच लागेल. आलेल्या पैशातून आणखी मजूर आणायचे. त्यांच्या श्रमाने जमिनीला भाव येईल, आणखी जमीन विकली जाईल, आणखी मजूर येतील. कागदावर हे चक्र आपोआप फिरणारं होतं.

१८३४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्याचा कायदा केला. कैदी पाठवायचे नाहीत आणि इंग्लंडच्या तिजोरीवर एका पैचाही भार पडू द्यायचा नाही, या अटी होत्या. शिवाय वसाहत सुरू होण्याआधीच ३५ हजार पौंडांची जमीन विकून दाखवायची आणि २० हजार पौंड अनामत ठेवायचे. एकराला एक पौंड या भावाने गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा भाव १२ शिलिंगांवर आणला आणि जॉर्ज फाइफ अँगस यांच्या कंपनीने उरलेला माल उचलला. ८१ पौंड भरले की १३४ एकर शेतजमीन आणि शहरातला एक एकर. शहराची जागा तेव्हा ठरलेलीही नव्हती. कौर्ना लोक तिथे हजारो वर्षं राहत होते. त्यांच्या ताब्यातल्या जमिनीला धक्का लागणार नाही, असं वसाहतीच्या १८३६ च्या राजसनदेत लिहिलं होतं. विक्री करताना ते कोणी उघडून पाहिलं नाही. सरकारने एक पैही न देता मिळवलेली जमीन पौंडाने विकली, हा या साऱ्या हिशेबाचा पाया आहे.

खरी मेख मात्र पैसा कुठे जाणार यात होती. मूळ कायद्यानुसार जमिनीचा पैसा फक्त मजुरांच्या जहाजभाड्यासाठी. गव्हर्नरचा पगार, पोलीस, रस्ते आणि मुख्य म्हणजे जमिनीची मोजणी, हे सगळं जकातीतून आणि कर्जातून भागवायचं. पाच-सहाशे माणसांच्या वसाहतीत जकात ती किती जमणार? खजिनदार ऑस्मंड गिल्स यांनी अडीनडीला सरकारला स्वतःच्या खिशातून उसने दिले!

मोजणीकडे थोडं जवळून पाहू, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. मोजल्याशिवाय तुकडा ठरत नाही आणि तुकडा हाती आल्याशिवाय शेतकरी नांगर लावत नाही. कर्नल विल्यम लाइट यांनी १८३७ च्या जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत अ‍ॅडलेड शहराचे १,०४२ एकर आखून दिले. हत्यार म्हणजे ६६ फुटांची लोखंडी साखळी. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपला गुंठा याच मापातला : अर्धी साखळी, म्हणजे ३३ फूट, लांब आणि तितकाच रुंद. पण शेतजमिनीचं काम मोठं होतं. लाइट त्रिकोणमितीने मोजत होते. एक पायारेषा अचूक मोजायची, मग टेकड्यांवरून कोन घेत त्रिकोणांचं जाळं पसरवायचं. चूक झाली तर ती जाळ्यातच पकडली जाते. माणसं आणि बैल अपुरे असताना हे काम रेंगाळलं, आणि लंडनहून हुकूम आला की ‘धावती मोजणी’ करा : होकायंत्र घेऊन वाटेने चालत जायचं आणि बाजूचे तुकडे अंदाजाने मांडायचे. स्वस्त आणि झटपट, पण सीमेचे तंटे पुढच्या पिढीच्या गळ्यात. लाइट यांनी १८३८ मध्ये राजीनामा दिला आणि बहुतेक सगळे मोजणीदार त्यांच्यामागून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी क्षयाने ते गेले.

याच सुमारास, १८३६ मध्ये, आपल्याकडे इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारीही जमीन मोजत होते. साखळी तीच, हिशेब उलटा. तिथे मातीचा पोत पाहून ३० वर्षांसाठी सारा ठरला, तो दरवर्षी वसूल व्हायचा. सारा रयतेचं कंबरडं मोडू शकतो, पण खजिन्याच्या नजरेने तो उत्पन्न असतो. जमीनविक्री म्हणजे शेत विकून घरखर्च चालवणं.

ऑक्टोबर १८३८ मध्ये नवे गव्हर्नर जॉर्ज गॉलर आले तेव्हा जहाजं एकामागून एक माणसं उतरवत होती आणि ती शहरातच साचली होती. १८४० पर्यंत लोकसंख्या साधारण १४ हजारांवर गेली. गॉलर यांनी मोजणीला माणसं लावली, पोलीस उभे केले, तुरुंग आणि गव्हर्नरचा बंगला बांधला, बेकारांना कामं दिली. पैसे? वसाहतीची जमीनविक्री पाहणाऱ्या लंडनच्या कमिशनरांवर हुंड्या, म्हणजे ‘ही चिठ्ठी आणणाऱ्याला इतके पैसे द्या’ असे लेखी हुकूम. अ‍ॅडलेडचा व्यापारी माल देऊन हुंडी घ्यायचा, ती जहाजाने लंडनला जायची. वाट चारेक महिन्यांची. म्हणजे गॉलर आज काय खर्च करताहेत ते लंडनला चार महिन्यांनी कळणार, आणि ‘थांबा’ हा निरोप परत यायला आणखी चार. तेवढ्यात नव्या हुंड्या समुद्रात असायच्याच. ज्या यंत्रणेत परिणाम इतक्या उशिराने कळतो, ती झोकांड्या खाणारच. चालवणारा कितीही सरळ असो.

१८४० मध्ये जमीनविक्री कोसळली. कमिशनरांची पेटी रिकामी झाली आणि ऑगस्टपासून त्यांनी हुंड्या सकारणं, म्हणजे त्यांचे पैसे देणं, बंद केलं. ही बातमी अ‍ॅडलेडला पोचेपर्यंत १८४१ उजाडलं होतं. व्यापारी बुडाले. पार्लमेंटने १ लाख ५५ हजार पौंड दिले, आधी कर्ज म्हणून आणि मग चक्क देणगी म्हणून. एका पैचाही भार नको म्हणणाऱ्यांनी! १८४२ मध्ये कमिशन बरखास्त झालं.

गॉलर यांच्या जागी मे १८४१ मध्ये २९ वर्षांचे जॉर्ज ग्रे आले. त्यांनी बांधकामं थांबवली, सरकारी मजुरी कापली, लोकांना शेतांकडे हाकललं. हुंड्या त्यांनाही काढाव्या लागल्या, आणि त्यांतल्या काही परतही आल्या. वसाहत सावरल्याचं श्रेय बरेचजण ग्रेंना देतात. मला ते अर्धंच पटतं. माणसं शेतावर गेली, कारण गॉलरनी उधारीवर का होईना, मोजून ठेवलेली जमीन तयार होती. बंगला थोडा थांबू शकला असता, एवढं म्हणता येईल. मग गहू पिकला, १८४३ मध्ये जॉन रिडलीच्या यंत्राने कणसं ओरबाडून काढण्याची सोय झाली आणि मजुरांची टंचाई हलकी झाली.

आणि तांबं निघालं. १८४२ मध्ये कपुंडात, १८४५ मध्ये बुर्रा इथे. बुर्राचा २० हजार एकरांचा सलग तुकडा एकरी एक पौंड, रोख, अशा बोलीवर होता. शहरातले छोटे दुकानदार आणि बडे भांडवलदार असे दोन गट त्यावर टपलेले. एकट्याला रक्कम जमेना, म्हणून निम्मे-निम्मे भरून दोघांनी मिळून घेतला आणि मधोमध रेघ ओढून वाटून घेतला. दुकानदारांच्या वाट्याला खाण आली. बड्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. सरकारला २० हजार पौंड मिळाले, पण खालच्या धातूत त्याचा वाटा नव्हता.

हे लक्षात आल्यावर पुढचे गव्हर्नर फ्रेडरिक रोब यांनी यापुढे विकल्या जाणाऱ्या जमिनीतल्या खनिजांवर स्वामित्वधन (रॉयल्टी) लावायचं ठरवलं. १८४६ मध्ये गव्हर्नरच्या कौन्सिलचे बिनसरकारी सभासद याला विरोध म्हणून उठून बाहेर गेले, गणसंख्या मोडली आणि सभाच थांबली. १८४८ मध्ये हेन्री यंग गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी ते स्वामित्वधन काढून टाकलं.