सिंगापूरचा वर्क पास: अर्ज कोण करतो आणि बडोद्यात बसून आपण काय करायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येतं. सिंगापुरात एका इंजिनिअरिंग कंपनीत मी अकरा वर्षं काढली, त्यातली चार वर्षं लोकांच्या पासचे कागद जुळवण्याचंच काम केलं. बडोद्याला परत आल्यापासून गल्लीत माझी ओळख ‘परमिटवाले काका’ अशी झाली आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, याचं परमिट आलं. फक्त बघून द्या.” कागदावर निळा रबरी शिक्का होता, ‘सुपरवायझर’ हे पद होतं आणि खाली एक ओळ होती: आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे पोहोचल्यावर तो वर्क परमिटमध्ये बदलून मिळेल. एजंटाला दीड लाख देऊन झाले होते.

मी मुलाला एकच प्रश्न विचारला, “तुला कामावर घेणाऱ्या कंपनीतलं कुणी तुझ्याशी बोललंय का?” नव्हतं बोललं. प्रकरण तिथेच संपलं होतं, पैसे परत मिळवण्याची धावपळ तेवढी उरली.

सिंगापूरच्या बाबतीत सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट ही, की वर्क पाससाठी उमेदवाराला स्वतः अर्ज करताच येत नाही. अर्ज करते तिथली नोंदणीकृत कंपनी, किंवा कंपनीने नेमलेली तिथली परवानाधारक एजन्सी, आणि तो जातो मनुष्यबळ मंत्रालयाकडे, म्हणजे ज्याला तिथे सगळे ‘एमओएम’ म्हणतात त्याच्याकडे. आधी नोकरी, मग पास. त्यामुळे “परमिट काढून देतो, नोकरी तिकडे गेल्यावर शोधू” असं सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर लबाड. वैध पास नसताना काम करताना सापडलात तर 20,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आपल्याकडे सरसकट ‘परमिट’ म्हणतात, पण तिथे वर्क परमिट हा फक्त एक प्रकार आहे. मुख्य प्रकार तीन. पदवीधर, व्यवस्थापक, तज्ज्ञ यांच्यासाठी एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे बोलीत ईपी. मधल्या फळीतल्या तंत्रज्ञांसाठी एस पास. आणि अंगमेहनतीच्या किंवा निवडक कुशल कामांसाठी वर्क परमिट. आपण कुठल्या दारातून जातोय हे पगारावरून आणि कामावरून ठरतं, आपल्या इच्छेवरून नाही.

ईपीसाठी 1 जानेवारी 2025 पासून किमान ठरलेला मासिक पगार 5,600 डॉलर आहे, बँका आणि वित्तीय कंपन्यांत 6,200. पण हा आकडा विशीतल्या मुलांचा. वयाबरोबर तो चढत जातो आणि पंचेचाळिशीला 10,700 होतो. चाळिशी ओलांडलेल्या आपल्या अनुभवी मंडळींचा नेमका इथे घोटाळा होतो. पुतण्याला 5,800 वर पास मिळाला म्हणून काकालाही मिळेल, असं होत नाही. ठरलेला पगार म्हणजे दरमहा न चुकता मिळणारी रक्कम. ओव्हरटाइम, बोनस, कमी-जास्त होणारे भत्ते त्यात धरत नाहीत.

पगाराची पायरी चढल्यावर येतो कंपास. ही गुणांची पद्धत नव्या अर्जांना 1 सप्टेंबर 2023 पासून लागू झाली, नूतनीकरणाला त्यानंतर वर्षभराने. पास व्हायला 40 गुण लागतात. चार मूळ निकष आहेत आणि प्रत्येकाला 0, 10 किंवा 20 गुण. पहिला, त्या क्षेत्रातल्या स्थानिक लोकांच्या तुलनेत तुमचा पगार. दुसरा, पदवी: साधी मान्य पदवी असेल तर 10, मंत्रालयाच्या यादीतल्या नामवंत संस्थेची असेल तर 20. उरलेल्या दोन निकषांत तुमचं कर्तृत्व काहीच नाही, ते कंपनीचे आहेत. तिच्या वरच्या पदांवर तुमच्या देशाचे लोक किती टक्के आहेत, आणि तिच्या क्षेत्रातल्या इतर कंपन्यांच्या मानाने ती स्थानिक लोकांना किती घेते.

हे एका उदाहरणाने सांगतो, कारण लोकांना इथेच धक्का बसतो. समजा बडोद्याचा एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पदवीचे 10. पगार क्षेत्राच्या मानाने बरा, त्याचे 10. तो वरच्या पदांवर पंधरा-वीस माणसं असलेल्या छोट्या कंपनीत गेला, तर कंपनीच्या दोन्ही निकषांचे 10-10 आपोआप मिळतात, कारण अशी पंचविसापेक्षा कमी माणसं असलेल्या कंपन्यांना तशी सूट आहे. झाले 40. आता हाच मुलगा, हाच पगार, पण कंपनी मोठी आणि तिच्या वरच्या पदांवर पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त भारतीय. मग राष्ट्रीयत्वाच्या निकषात भोपळा. स्थानिक भरतीतही कंपनी मध्यमच असेल तर बेरीज 30 वर अडकते आणि अर्ज नामंजूर. “आपल्या माणसांची कंपनी आहे, लगेच घेतील” हा आपला नेहमीचा हिशेब तिथे असा उलटा पडतो. टंचाईच्या कामांच्या यादीत तुमचं काम असेल तर जादा गुण मिळतात, पण ती यादी ठरावीक पदांचीच आहे. पगार 22,500 डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर कंपास लागतच नाही, पण असा माणूस माझ्याकडे फोल्डर घेऊन येत नाही.

म्हणून मुलाखतीत पगाराइतकंच हेही विचारा, “तुम्ही माझा कंपास तपासला का?” एमओएमच्या संकेतस्थळावर त्यासाठी सेल्फ असेसमेंट टूल फुकट आहे. चांगली कंपनी अर्जाआधी ते करतेच. शिवाय अर्ज करण्यापूर्वी कंपनीला ती जागा मायकरिअर्सफ्युचर या सरकारी संकेतस्थळावर किमान 14 दिवस जाहीर करावी लागते. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीला यातून सूट आहे. मोठ्या कंपनीने तुम्हाला निवडल्यावरही पंधरा-वीस दिवस शांतता असेल, तर कारण बहुधा हेच.

एस पासला कंपास नाही, पण कोटा आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून किमान पगार 3,300 डॉलर, तोही वयाबरोबर वाढणारा. सेवा क्षेत्रातल्या कंपनीला एकूण माणसांच्या दहा टक्क्यांपर्यंतच एस पासवाले ठेवता येतात. प्रत्येकामागे कंपनी सरकारला दरमहा 650 डॉलर लेव्ही, म्हणजे परदेशी माणूस ठेवल्याचा आकार, भरते. ही लेव्ही तुमच्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे, हे लिहून ठेवा.

वर्क परमिट भारतीयांना प्रामुख्याने बांधकाम, जहाजबांधणी आणि प्रक्रिया उद्योगांत मिळतं. कारखानदारी आणि सेवांमध्ये फक्त निवडक कामांसाठी, ज्यात भारतीय उपाहारगृहांतले स्वयंपाकीही येतात. तिथे किमान पगार 2,000 डॉलर. प्रत्येक कामगारामागे मालकाला 5,000 डॉलरची हमी सरकारकडे द्यावी लागते आणि तीही मालकाचीच जबाबदारी. या परमिटवर बायको-मुलांना नेता येत नाही. मध्यस्थ एजन्सीला तुमच्याकडून करारातल्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार घेता येतो, पण काहीही झालं तरी दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा सिंगापूरच्या कायद्याची. इथला एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण दीड लाख मोजणाऱ्यांपैकी कुणीही ते केलेलं मला दिसलेलं नाही.

आता कागदपत्रं. अर्ज कंपनीचा असला तरी कागद तुमचे आणि तुमची लेखी संमतीही लागते. पासपोर्टच्या माहितीचं पान, पदवी, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं. पदवीसाठी नुसती झेरॉक्स चालत नाही. ती खरी आहे याचा पडताळणी दाखला लागतो आणि तो बहुधा पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीकडून घेतात. ती कंपनी विद्यापीठाला विचारते, विद्यापीठ सवडीने उत्तर देतं. नोकरी पक्की व्हायची वाट न बघता पदवी प्रमाणपत्र हातात आहे ना, हे आधी बघा. दीक्षान्त समारंभाचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून पाच वर्षं तात्पुरत्या प्रमाणपत्रावर दिवस काढणारे मला दर वर्षी एक-दोन तरी भेटतात.

आणि नाव. आपल्या बडोदेकरांचा हा खास रोग. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. मधेच ‘भाई’ किंवा ‘कुमार’ चिकटलेलं. माझ्या पुतणीची गंमत सांगतो. दहावीला वडिलांचं नाव ‘शरदचंद्र’, पदवीवर नुसतं ‘शरद’, लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव, ‘कुलकर्णी’चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. चार कागद, चार बायका! शेवटी विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून खुलासा द्यावा लागला, तेव्हा पडताळणी पुढे सरकली. तीन आठवडे गेले. हे काम नोकरी शोधायच्या आधी करायचं असतं. पासपोर्ट दुरुस्त करायचा असेल तर बडोद्यातच सेवा केंद्र आहे, अहमदाबादला धावायची गरज नाही.

अर्ज गेला की ईपीचा निकाल साधारण दहा कामकाजी दिवसांत येतो. अर्जाची फी 105 डॉलर, पास निघताना 225, दोन्ही कंपनी ऑनलाइन भरते. मंजुरी झाली की तत्त्वतः मान्यतेचं पत्र येतं, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. ईपीसाठी ते सहा महिने चालतं आणि आपल्याला व्हिसा लागत असल्यामुळे तेच पत्र एकदा प्रवेश करण्यापुरतं व्हिसाचं काम करतं. खरं की खोटं बघायचं असेल तर एमओएमच्या संकेतस्थळावर पास आणि अर्जाची स्थिती तपासण्याची सोय सगळ्यांना खुली आहे. शेजारच्या मुलाचा पासपोर्ट क्रमांक मी तिथेच टाकला होता. नोंदच नव्हती.

आयपीए हाती आल्यावर आनंदात पेढे वाटण्याआधी त्यातला पगाराचा आकडा ऑफर लेटरशी ताडून बघा. मंत्रालयाला 5,600 सांगून हातात 4,000 ठेवणारे मालक असतात. खोटी माहिती दिल्याबद्दल 20,000 डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद आहे. “आपलं आपण समजून घेऊ” असं कुणी म्हणालं तर समजून काही घेऊ नका.

सिंगापूरला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. तिथे पोहोचल्यावर पत्रात सांगितली असेल तर वैद्यकीय तपासणी, मग कंपनी पास काढते, मग बोटांचे ठसे आणि फोटो, मग कार्ड.

कुटुंब न्यायचं असेल तर ईपी किंवा एस पासवाल्याचा ठरलेला पगार किमान 6,000 डॉलर हवा, आई-वडिलांना न्यायला 12,000. म्हणजे 5,600 वर पास मिळेल, पण बायको बडोद्यातच राहील. हे मुलं घरी सांगत नाहीत. मुलांचे जन्मदाखले महानगरपालिकेचे, बरेचदा गुजरातीत, त्यांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर लागतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला गोवर आणि घटसर्पाच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. पुतणीच्या मुलाचं ममता कार्ड, म्हणजे लसींच्या नोंदीचं कार्ड, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं, दोन लसींच्या तारखा पाण्याने पुसलेल्या. पुन्हा डॉक्टरांकडे. आणि नवऱ्याच्या पासवर गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करायची असेल तर मे 2021 पासून तिला स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. पूर्वीचं सोपं पत्र आता बहुतेकांना मिळत नाही.

पास कंपनीला बांधलेला असतो. नोकरी सोडली की कंपनी पास रद्द करते, करखात्याचा हिशेब होईपर्यंत शेवटचा पगार रोखून धरते आणि तुम्हाला साधारण तीस दिवस राहायची मुभा मिळते. नवी कंपनी मिळाली तर तिने पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा, पुन्हा कंपास, पुन्हा गुण. शेजारच्या मुलाने आता पदवीची पडताळणी आधीच करून ठेवली आहे. परवा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून सुटल्यावर रात्री साडेनऊला तो फोन घेऊन आला. एका तेरा माणसांच्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून टूलमध्ये आकडे भरले. चाळीस होत होते.