हत्यारी पोलाद : धार लावतानाचा उष्णता-परिणाम

सहाणचाकावर धार लावताना घर्षणाने पाते तापते. ठरावीक मर्यादेपुढे त्याचा कठीणपणा घटतो, यालाच कारागीर ‘पाणी उतरणे’ म्हणतात. ही मर्यादा, पाणी दिल्यानंतर (लाल तापवून एकदम गार केल्यानंतर) ते पोलाद पुन्हा किती तापवले होते, यावर ठरते. साध्या कार्बन पोलादाची पटाशी साधारणतः १७५ ते २३० °से. पर्यंत तापवलेली असते. चाकावर ती याहून अधिक तापली, की मार्टेन्साइटमधील (पाणी दिल्याने तयार होणाऱ्या कठीण रचनेतील) कार्बन कार्बाइडांच्या (कार्बन व धातूच्या संयुगांच्या) रूपाने बाहेर पडत जातो आणि धार टिकत नाही. पटाशीचे कोपरे आधी निळे पडतात, कारण उष्णता वाहून न्यायला तेथे मागे पुरेसा धातू नसतो. निळेपणा घासून टाकल्याने कठीणपणा परत येत नाही. मऊ झालेला सगळा भागच सावकाश काढावा लागतो.

तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग सुमारे २२० °से.ला, तपकिरी २५५ व निळा ३०० °से.च्या आसपास दिसतो. हे आकडे ढोबळ मानावेत. रंग ऑक्साइडाच्या थराच्या जाडीचा असल्याने त्यावर तापमानाबरोबरच वेळेचाही परिणाम होतो. क्रोमियमयुक्त पोलादात तोच रंग अधिक तापमानाला येतो.

हाय-स्पीड पोलाद (वेगाने कापताना तापूनही कठीण राहणारे मिश्रपोलाद) सुमारे ५५० °से.ला तापवलेले असल्याने निळे पडले तरी त्याचे पाणी उतरतेच असे नाही. त्याच्या शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील धातुतज्ज्ञ रॉबर्ट मशेट यांचे हवेतच कठीण होणारे टंगस्टनयुक्त पोलाद १८६८ च्या सुमाराचे, अमेरिकी अभियंते एफ. डब्ल्यू. टेलर व मॉन्सेल व्हाइट यांचे बेथलेहेम (अमेरिका) येथील पोलाद कारखान्यातील प्रयोग त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी झाले. त्यांचे पेटंट अमेरिकी न्यायालयाने १९०९ मध्ये रद्द ठरवले. तरीही वितळणबिंदूच्या जवळपास तापवण्याची प्रक्रिया टेलर-व्हाइट यांची आणि मिश्रधातूची मूळ दिशा मशेट यांची, ही विभागणी अधिक पटण्याजोगी आहे.

कार्बन पोलाद चाकावर धरताना वरचेवर पाण्यात बुडवणे हिताचे. हाय-स्पीड पोलाद मात्र खूप तापल्यावर एकदम पाण्यात घातल्यास त्याला बारीक तडे जाऊ शकतात. डी२ या प्रतीसारखे सुमारे १२ टक्के क्रोमियमचे हत्यारी पोलाद २०० किंवा ५०० °से.च्या आसपासही तापवलेले असू शकते, त्यामुळे नुसत्या नावावरून त्याची मर्यादा सांगता येत नाही.

रंग न दिसताही धारेचे अगदी टोक मऊ पडते का, यावर एकमत नाही. टोकाचे क्षणिक तापमान मोजणे अवघड असते आणि पाते हाताला गार लागणे हा पुरावा ठरत नाही. म्हणून कोरड्या, फिरत्या घासण्याच्या पट्ट्यावर आकार दिल्यावर अखेरची धार ओल्या दगडावर लावणे अधिक सुरक्षित.