अ‍ॅव्हरेज खातो तो वारा

बीड, जालना, परभणी, कुठेही मोटरसायकल दाखवायला काढा, पहिला प्रश्न ठरलेला: "अ‍ॅव्हरेज किती देते?" वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना असल्यामुळे इंजिनावर हक्कानं बोलणारी माणसं आपल्याकडे गावोगाव भेटतात. पण बोलणं इंजिनापाशीच थांबतं आणि वाऱ्याचा हिशेब राहून जातो.

वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. सपाट रस्ता, एकटा माणूस, 100 सीसीची गाडी. ताशी 40 किलोमीटरला टायरचा विरोध धरूनही साधारण 1 अश्वशक्ती पुरते. 80 ला साडेपाचच्या आसपास लागते. अंतर निम्म्या वेळात कापलं जातं हे खरं, तरी दर किलोमीटरला इंजिनाला पावणेतीनपट काम पडतं.

मग 200 सीसीची गाडी 40 नं चालवली तर ती 100 सीसीएवढं अ‍ॅव्हरेज का देत नाही? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. रेस कमी असते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टनला त्या बारीक फटीतून हवा ओढून घ्यावी लागते आणि त्यातच पेट्रोल खर्ची पडतं. मोठं इंजिन तेवढ्याच कामाला झडप आणखी मिटून चालतं, शिवाय त्याचं आतलं घर्षणही जास्त. लहान इंजिन आपल्या क्षमतेच्या जवळ राबतं, म्हणून पेट्रोलचं चीज होतं. डिझाइन करणारे टॉप गिअर लांब ठेवतात तेही याचसाठी: त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी, झडप जास्त उघडी.

2020 च्या बीएस-6 या प्रदूषण-नियमांनंतर कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता सेन्सरच्या मापावर पेट्रोल सोडलं जातं. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. इथेनॉलचं गणित मात्र वेगळं. आपल्याच उसापासूनही ते बनतं, पण एका लिटरमध्ये त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. 20 टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा 6-7 टक्क्यांनी घटते.

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून निघणाऱ्याला वारा आणखी भोवतो, कारण गाडीची रुंदीच वाढलेली असते. त्यानं 60 ऐवजी 45 चा वेग धरला, तर हवेचा अडथळा जवळपास निम्म्यावर येतो.