व्हिडिओ पाहिला, विषय आला का?

पदवीच्या विषयांवरचे व्हिडिओ गोव्यातल्या मुलांना आता शोधत बसावे लागत नाहीत. उच्च शिक्षण संचालनालयाचा ‘दिष्टावो’ हा व्हिडिओंचा उपक्रम आहे, केंद्राचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. तरी परीक्षा आली की ऐकू येतं, ‘दोनदा बघितला, तेव्हा सगळं समजलं होतं, आता काहीच आठवत नाही.’ यात खोटं काही नाही. समजणं वेगळं, आठवणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग यासाठी मुळातून समजून घ्यावा. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पारडं फिरलं. पुन्हा वाचणारे 42 वर आले, आठवून लिहिणारे 56 वर राहिले.

याचं कारण असं, की आठवण म्हणजे कपाटातून जशीच्या तशी काढलेली वही नव्हे. शोधताना जे धागेदोरे वापरले जातात, तेच त्या शोधाने घट्ट होतात. थोडं विसरल्यावर शोधायला कष्ट पडतात, म्हणून फायदाही जास्त. पुन्हा पाहताना हे कष्टच नसतात. मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो.

म्हणून शिक्षकांनी व्हिडिओ सहा-सात मिनिटांचाच करावा आणि उरलेला वेळ प्रश्नांवर घालवावा. नवा धडा उघडण्याआधी मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न यावेत. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत तशी अट घालता येते, पण ती ‘सोडवले’ एवढीच ठेवावी. ‘उत्तीर्ण झाला तरच पुढे’ असं केलं की उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात.

प्रश्न रचणं हे खरं कसब. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीचा धडा घ्या. या बांधातली, पाणी अडवणारी-सोडणारी दाराची मोरी म्हणजे मानस. ‘मानस म्हणजे काय?’ यात फक्त व्याख्या आठवते. ‘भरतीला मानशीचं दार कशाने बंद होतं?’ असं विचारावं आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्यावेत: शेतातल्या पाण्याच्या दाबाने, दाराच्या वजनाने. उत्तरानंतर लगेच एका ओळीत कारण द्यावं: बाहेर चढलेलं पाणीच दार आत ढकलून बंद करतं. हे कारण दिलं नाही, तर चुकीचा पर्यायच डोक्यात राहण्याचा धोका असतो.

‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ अशी विभागणी करून विकली जाणारी पॅकेजेस घेऊ नयेत. त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला भक्कम पुरावा नाही.

आता रेंज. 500 केबीपीएसचा (सेकंदाला 500 किलोबिट) दहा मिनिटांचा व्हिडिओ साडेसदतीस एमबी भरतो. तेवढाच ऑडिओ 32 केबीपीएसला अडीच एमबीच्या आत बसतो, सोबत स्लाइडची पीडीएफ द्यावी. सत्तरी-सांगे तालुक्यांत पावसात वीज गेली तरी मूडलचं घड्याळ सर्व्हरवर चालूच राहतं, म्हणून सरावाच्या प्रश्नांना वेळेची मर्यादा नको, 48 तासांची मुदत द्यावी. आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी नवा व्हिडिओ टाकू नये. सुट्टीआधीच्या धड्यावरचे पाच प्रश्न टाकावेत.