वेगळी चूल आणि पाहुणचार : स्पिनऑफ व क्रॉसओव्हर

1960 च्या दशकात अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर खेडवळ माणसांच्या विनोदी मालिकांची रेलचेल होती, आणि त्यांतील पात्रे एकमेकींच्या अंगणात इतक्या सहजपणे वावरत की आजही या मालिकांना सरसकट एकमेकींचे ‘स्पिनऑफ’ म्हटले जाते. हा ढिसाळपणा आहे. स्पिनऑफ म्हणजे चालू मालिकेतील कोणी वेगळी चूल मांडणे. क्रॉसओव्हर म्हणजे दोन नांदत्या घरांमधला पाहुणचार. आपल्या वाहिन्या ‘महासंगम’ म्हणून ज्याची जाहिरात करतात, तो हा दुसरा प्रकार. पाहुणा एकदोन भागांनंतर आपल्या घरी परततो. वेगळा झालेला परतत नाही आणि त्याची रिकामी जागा मूळ मालिकेला भरून काढावी लागते.

‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये (1960–68) हा फरक स्वच्छ दिसतो. मेबेरी या काल्पनिक गावातील पेट्रोल पंपावर काम करणारा भाबडा गोमर पाइल मे 1964 मधील एका भागात मरीन दलात भरती झाला. प्रेक्षकांना तो नेहमीसारखाच भाग वाटला असेल. प्रत्यक्षात तो नव्या मालिकेचा नमुना होता, चालू मालिकेच्याच वेळेत आणि तिच्याच प्रेक्षकांपुढे पारखून घेतलेला. त्याच वर्षी ‘गोमर पाइल, यूएसएमसी’ सुरू झाली आणि मेबेरीतल्या पंपावर गोमरच्या नात्यातला गूबर दिसू लागला. पुढे 1966 मध्ये मूळ मालिकेचा नायक, मेबेरीचा शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख अँडी, याचा मुलगा ऑपी मरीन्समध्ये भरती व्हायला म्हणून गोमरकडे पोचतो, तो मात्र क्रॉसओव्हर. म्हणजे त्याच दोन मालिकांमध्ये दोन्ही नाती आढळतात, आणि कोणते नाते कुठले हे केवळ पात्र कोणते आहे यावरून ठरत नाही.

गंमत अशी की अँडीची मालिकाही अशाच वाटेने आली होती. फेब्रुवारी 1960 मध्ये ‘द डॅनी थॉमस शो’च्या एका भागात, थांबण्याच्या पाटीपाशी गाडी न थांबवल्याबद्दल न्यूयॉर्कच्या कलावंताला अटक करणारा शेरीफ म्हणून तो प्रथम दिसला. त्या भागात फ्रान्सिस बाव्हिए हिने गावातील वेगळ्याच बाईची भूमिका केली होती. अँडीची ‘बी’ नावाची आत्या ती नंतर झाली.

खरा गोंधळ निर्माते पॉल हेनिंग यांच्या मालिकांच्या घराण्यात आहे. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ (1962–71) यशस्वी झाल्यावर त्यांनी ‘पेटिकोट जंक्शन’ (1963–70) काढली. बी बेनाडेरेट ही पहिलीत पर्ल बोडाइन होती आणि दुसरीत हॉटेलची मालकीण केट ब्रॅडली. अभिनेत्री तीच, पात्र वेगळे. तेव्हा हा स्पिनऑफ नव्हे, असे माझे मत आहे. 1965 मध्ये आलेल्या ‘ग्रीन एकर्स’ने ‘पेटिकोट जंक्शन’मधील हूटरव्हिल हे गावच उचलले. तिथला दुकानदार सॅम ड्रकर दोन्ही मालिकांत नित्याचा होता, आणि पुढे तो ‘हिलबिलीज’मध्येही दिसला. दुकान सोडून तो कुठे राहायला गेला नाही, म्हणून त्याने वेगळी चूल मांडली असे म्हणवत नाही. आणि दोन्ही घरे त्याचीच असल्यामुळे त्याला पाहुणाही म्हणता येत नाही. अशा मालिकांना एका गावच्या मालिका म्हणणे बरे. निखळ क्रॉसओव्हर झाला तो 1968 मध्ये, जेव्हा ‘हिलबिलीज’मधले बेव्हर्ली हिल्सचे क्लॅम्पेट कुटुंब हूटरव्हिलला पाहुणे म्हणून गेले. त्याआधीच, 1967 मध्ये, ‘ग्रीन एकर्स’मधील गावकऱ्यांनी ‘बेव्हर्ली हिलबिलीज’चे नाटक बसवले होते, म्हणजे त्यांच्या लेखी क्लॅम्पेट ही टीव्हीवरची पात्रे होती! अशा विसंगतीची तिथे कोणाला फिकीर नव्हती, आणि हूटरव्हिलच्या तऱ्हेवाईकपणाला ते शोभतेही.

वेगळ्या चुलीचा एक उलटा प्रकारही आहे. अँडी ग्रिफिथने मालिका सोडल्यावर 1968 मध्ये ‘मेबेरी आरएफडी’ आली. तिच्या पहिल्या भागात अँडीचे लग्न लागते; त्यानंतर तो हळूहळू बाजूला होतो, गाव आणि बहुतेक शेजारी तेच राहतात आणि बी आत्या सॅम जोन्स नावाच्या विधुर शेतकऱ्याचे घर सांभाळायला जाते. इथे घर सोडून गेला तो मूळ नायक, आणि नवी मालिका ठरली ती मागे उरलेल्या गावाची.